देव बेपत्ता, सोनं कवडीमोल: ड्रॅगनलान्सच्या आखणीचं प्रकरण

टेबलटॉप रोलप्लेइंगमधलं लांबलचक कॅम्पेन विस्कटतं कसं, हे खेळ चालवणाऱ्या कुठल्याही डीएमला सांगायला नको. पहिल्या सेशनला शापित वाडा, दुसऱ्याला समुद्री चाचे, तिसऱ्याला कालच बघितलेल्या मालिकेतला खलनायक नाव बदलून. प्रत्येक सेशन आपापल्या जागी झकास होतं. मग काही महिन्यांनी कोणीतरी सहज विचारतं, "पण आपण हे सगळं नक्की कशासाठी करतोय?" आणि टेबलावरचे सगळे चिप्सच्या पाकिटाकडे बघायला लागतात.

यावर नेहमीचा उपाय सांगितला जातो तो असा, की आधी कथा नीट रचून घ्या. सुरुवात, मध्य, शेवट, खलनायकाचा बेत, सगळं वहीत उतरवून मगच खेळाडूंना बोलवा. मला हा उपाय अर्धवट वाटतो. तो का अर्धवट आहे, हे तपासायला सर्वांत चांगलं प्रकरण म्हणजे ड्रॅगनलान्स. एका सूत्राभोवती मुद्दाम आखलेलं, अनेक लेखकांनी मिळून लिहिलेलं आणि 1984 ते 1986 या काळात भागाभागाने छापून आलेलं हे कॅम्पेन. त्यात काय टिकलं आणि काय तुटलं, हे दोन्ही आज स्वच्छ दिसतं.

या वाटेला कधीच न गेलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये एकजण जग चालवतो, तो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीचे एकेका पात्राच्या वतीने निर्णय घेतात आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकले जातात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला पहिला छापील खेळ 1974 साली टीएसआर या कंपनीने काढला. एकाच पात्रांच्या जोरावर महिनोन् महिने चालणारी साहसांची मालिका म्हणजे कॅम्पेन.

युटाहून निघालेली गाडी

सुरुवातीच्या वर्षांत छापून येणारी साहसं साधारण एकाच घाटाची असत. एक पडका किल्ला किंवा भुयार, खोल्यांना क्रमांक, प्रत्येक खोलीत राक्षस आणि राक्षसामागे पेटी. अठराव्या खोलीतला राक्षस एकोणिसाव्या खोलीतल्या राक्षसाच्या शेजारी राहून इतकी वर्षं काय खात होता, हा प्रश्न कोणी विचारत नसे.

ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याने तो विचारला. टीएसआरमध्ये येण्याआधीच त्यांनी घरच्या घरी साहसं लिहून छापली होती आणि स्वतःसाठी चार अटी घालून घेतल्या होत्या. खेळाडूंपुढे लुटालूट आणि कत्तल यांपेक्षा मोलाचं काही उद्दिष्ट असावं, कथा खेळण्यातच विणलेली असावी, भुयाराच्या बांधकामाला काही अर्थ असावा आणि एकदोन बैठकांत गाठता येईल असा सन्मानाचा शेवट असावा. चौथी अट त्यांनी पुढे स्वतःच पार मोडीत काढली, पण पहिल्या तीन अटींवरच ड्रॅगनलान्स उभं आहे.

1982 साली ट्रेसीला टीएसआरमध्ये नोकरी लागली. युटाहून विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला जाताना गाडीत दोघांनी एका नव्या जगाबद्दल बोलायला सुरुवात केली. ते जग ड्रॅगनांचं होतं. नंतर कंपनीत याच विषयाला वाव मिळाला, कारण विक्री विभागाची तक्रारच होती की खेळाच्या नावात ड्रॅगन आहे, पण साहसांत भुयारंच जास्त. टीएसआरमधल्याच हॅरल्ड जॉन्सन यांच्या पाठबळाने बारा साहसांची मालिका मंजूर झाली. प्रत्यक्षात डीएल-1 ते डीएल-14 अशी चौदा पुस्तकं आली. त्यातलं पाचवं संदर्भपुस्तक आणि अकरावं युद्धाचा बोर्ड गेम, म्हणजे साहसं बरोबर बाराच. ज्यांनी कधी मालिका आखून ती वेळेत पुरी करायचा प्रयत्न केला असेल, त्यांना यातली शिस्त कळेल.

सूत्र कुठे ठेवलं

आता मुख्य भाग. 'ड्रॅगन' हा विषय झाला, सूत्र नाही. विषयावर बारा साहसं लिहायची तर बारा रंगांचे ड्रॅगन मारून संपवता येतात. ड्रॅगनलान्सच्या लेखकांनी सूत्र घेतलं ते अभावाचं. क्रिन नावाच्या या जगात साधारण साडेतीनशे वर्षांपूर्वी इस्तार नगरीच्या धर्मगुरूने, किंगप्रीस्टने, पुण्याच्या गर्वात थेट देवांना आज्ञा केली. देवांनी नगरीवर जळता डोंगर टाकला. लोक म्हणाले देवांनी आपल्याला सोडलं. देवांचं म्हणणं, तुम्ही आम्हाला सोडलंत. तेव्हापासून देव नाहीत, खरे पुजारी नाहीत आणि ड्रॅगन तर त्याच्याही कितीतरी आधीपासून आजीच्या गोष्टीतच उरलेले.

एवढं तर कुठलाही कल्पक डीएम वहीच्या पहिल्या पानावर लिहितो आणि दुसऱ्या पानावर विसरतो. इथे ते विसरता येत नाही, कारण सूत्र प्रस्तावनेत न ठेवता नियमांत ठेवलं आहे.

या खेळात पुजाऱ्याचं पात्र म्हणजे टोळीचा वैद्य. जखमा भरणं, विष उतरवणं, सगळं त्याच्या मंत्रांवर चालतं. क्रिनमध्ये देवच नाहीत, तर मंत्र येणार कुठून? त्यामुळे पहिल्या साहसात जखमी झालेलं पात्र जखमीच राहतं. अपवाद एकच, गोल्डमून या पात्राच्या हातातली निळ्या स्फटिकाची काठी. खेळाडूंना देवांच्या अभावावर प्रवचन द्यावं लागत नाही. पहिल्या चकमकीनंतर हिट पॉइंट, म्हणजे पात्रात उरलेला जीव, मोजताना त्यांना तो अभाव आपोआप कळतो. त्या काठीला जो जपतो तो भक्तीपोटी जपत नाही, गरजेपोटी जपतो. पुढे झाक त्सारोथच्या बुडालेल्या अवशेषांत मिशाकल देवीच्या धातूच्या तबकड्या सापडतात आणि खरी पुजारीण पुन्हा जन्माला येते, तेव्हा टेबलावर होणारा आनंद कथेतला नसतो, हिशेबातला असतो. म्हणूनच तो खरा असतो.

पैशांचंही तसंच. जगबुडीनंतरच्या टोळीयुद्धांत लोकांना हवी होती शस्त्रं, म्हणून क्रिनमध्ये सोनं कवडीमोल आणि चलन पोलादाचं. दुसऱ्या खेळांतून आलेला मुरलेला खेळाडू सोन्याची पेटी दिसली की सवयीने हात चोळतो. इथे त्याला कळतं की ही पेटी ओढत नेण्याइतकीही किंमत तिला नाही, आणि कोपऱ्यात पडलेली गंजकी तलवार मात्र जेवणखाण देऊ शकते. 'लुटालूट हे उद्दिष्ट नको' ही हिकमन दांपत्याची पहिली अट नीतीचा धडा न देता एका चलनाच्या बदलाने पाळली गेली.

आणि मग ड्रॅकोनियन. माझ्या मते सगळ्या मालिकेतली सर्वांत हुशार कल्पना हीच. पहिल्याच साहसात झग्यांत लपेटलेले, सरड्यासारख्या अंगाचे सैनिक भेटतात. त्यांतला साधा शिपाई, बाझ, मेला की त्याच क्षणी दगड होतो आणि मारणाऱ्याची तलवार त्या दगडात रुतून बसते. टेबलावर हे कसं घडतं पाहा. खेळाडू फासे टाकतो, घाव बसतो, शेवटचा हिट पॉइंट जातो, सगळे ओरडतात. डीएम शांतपणे म्हणतो, "तलवार निघत नाहीये." खेळाडू हिसका देतो, पुन्हा फासे, तरी निघत नाही. तोवर दुसरा बाझ समोर उभा आणि याच्या हातात काही नाही. थोड्या वेळाने तो पुतळा भुगा होऊन कोसळतो आणि तलवार खणकन जमिनीवर पडते. वरच्या हुद्द्याचा बोझाक मेला की त्याची हाडं फुटून आसपासच्यांना जखमी करतात. पुढे भेटणारा कापाक मेल्यावर आम्लाचं डबकं होतो.

पहिल्या वेळी ही गंमत वाटते. मग प्रश्न पडतो, असं मरणारा प्राणी आहे तरी काय? उत्तर आठ पुस्तकं पुढे, डीएल-9 मध्ये. चांगल्या ड्रॅगनांची अंडी शत्रूने, म्हणजे परतलेल्या वाईट ड्रॅगनांच्या सैन्याने, पळवून ओलीस ठेवली आहेत, म्हणून चांगले ड्रॅगन युद्धात उतरत नाहीत. आणि त्याच अंड्यांवर काळी विद्या करून हे सैनिक बनवले जातात. पितळी ड्रॅगनच्या अंड्यातून बाझ, कांस्य ड्रॅगनच्या अंड्यातून बोझाक. म्हणजे 'चांगले ड्रॅगन गेले कुठे?' या मालिकेच्या सर्वांत मोठ्या प्रश्नाचं उत्तर खेळाडू पहिल्या दिवसापासून तलवारीने कापत आलेले असतात. चौदा पुस्तकं एकसंध वाटतात ती या अशा शिवणीमुळे, नकाशा सलग आहे म्हणून नव्हे.

आपल्याकडे नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक अभंग घेऊन निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान लागतं आणि आख्यान कितीही रंगलं तरी ते त्या अभंगाशी येऊन मिळतं. ड्रॅगनलान्सचा पूर्वरंग मात्र कोणी बोलून दाखवत नाही. तो खेळाडूच्या कॅरेक्टर शीटवर, पात्राची नोंद ठेवायच्या कागदावर, असतो.

एवढे हात, एक जग

एकट्या डीएमला सूत्र सांभाळणं जड जातं. इथे तर लेखक बरेच होते. डग्लस नाइल्स, जेफ ग्रब, मायकल डॉब्सन, स्वतः हिकमन. ग्रब यांनी क्रिनला देव दिले, तेही स्वतःच्या घरच्या कॅम्पेनमधून उचलून. सात चांगले, सात वाईट, सात तटस्थ, अशी एकवीस देवांची मांडणी झाली. या मांडणीमुळे सूत्राला दुसरी बाजू मिळाली. इस्तार बुडालं ते पापाने नव्हे, चांगुलपणाच्या अतिरेकाने. त्यामुळे 'वाईटाला मारा' एवढ्यावर मालिका थांबू शकत नव्हती. तोल परत आणणं हे काम होतं. असं ठरलेलं असलं की नवा लेखक आला तरी त्याला कथा समजावून सांगावी लागत नाही. तोल कुठल्या बाजूला झुकला आहे, एवढं सांगितलं की पुरतं.

शीर्षकांतही शिस्त दिसते. प्रत्येक पुस्तक 'ड्रॅगन्स ऑफ' ने सुरू होतं आणि पुढे एकच शब्द: निराशा, ज्वाला, आशा, उजाडपण, अशी चढउतार करत चौदाव्याला विजय. लेखकाला आपल्या भागात घटना कोणत्याही घालायची मुभा होती. भाव कोणता हवा, ते मुखपृष्ठावरच छापलेलं होतं. चौथ्या पुस्तकानंतर पात्रांच्या दोन टोळ्या होतात. एक दक्षिणेच्या बर्फाकडे, दुसरी एका स्वप्नात अडकलेल्या एल्फांच्या वनाकडे. शेवटी दोन्ही कथा एकत्र येतात. टेबलावर हे चालवणं महाकठीण, कारण एकाच घोळक्याला दोन टोळ्यांची पात्रं आलटूनपालटून खेळवावी लागतात. कागदावर सुंदर दिसणाऱ्या काही गोष्टी शनिवारी संध्याकाळी टेबलावर जीव काढतात, त्यातली ही एक.

जिथे टाके उसवले

आता तक्रारी. त्या नव्या नाहीत आणि खऱ्या आहेत.

पहिल्या साहसातच आठ पात्रं तयार मिळतात. टॅनिस, रेस्टलिन, कॅरामन, स्टर्म, फ्लिंट, टॅसलहॉफ, गोल्डमून, रिव्हरविंड. तयार पात्रं देण्यात गैर काही नाही, उलट ती देण्यामागे विचार होता. बरेचसे मित्र खऱ्या देवांची खूण शोधायला पाच वर्षांपूर्वी पांगलेले आणि आता झाडांवर वसलेल्या सोलेस गावातल्या खाणावळीत परत भेटणारे. म्हणजे प्रत्येकाचा भूतकाळ सूत्राला आधीच बांधलेला. रेस्टलिनचा तो घोगरा, कुजबुजता आवाज तर चाचणीच्या खेळात एका सहकाऱ्याने सहज काढला होता आणि तोच पुढे पात्राचा स्वभाव झाला. पात्रं टेबलावरच जिवंत होतात याचा याहून चांगला दाखला नको.

पण कथेला ही पात्रं शेवटपर्यंत हवी होती. म्हणून डीएमला सूचना मिळते की कोणी महत्त्वाचं पात्र मेलंच, तर त्याचं मरण धूसर ठेवा. कड्यावरून पडलं, नदीत वाहून गेलं, प्रेत सापडू नये, म्हणजे पुढे कधीतरी परत आणता येईल. ही युक्ती एकदा चालते. दुसऱ्यांदा खेळाडू एकमेकांकडे बघून हसतात, आणि ज्या जगात मरणाचा अर्थ संपला तिथे जखमा न भरणाऱ्या जगाची सगळी धार जाते. पहिल्या पुस्तकातल्या नियमांनी जे कमावलं, ते याच पुस्तकातल्या एका सल्ल्याने गमावलं.

तसंच पकडलं जाण्याचं. दुसऱ्या साहसाला पात्रं कैद्यांच्या तांड्यात हवी आहेत, म्हणजे पकडली जायलाच हवीत. खेळाडूंनी कितीही डोकं चालवलं तरी ड्रॅगनांचं सैन्य अजून एक तुकडी पाठवतं. कथेच्या सोयीसाठी खेळाडूचा निर्णय खोटा पाडला, की तो पुढच्या वेळी निर्णयच घेत नाही. फोन काढतो. त्या काळी फोन नव्हते म्हणून पुस्तकातल्या ओळी वाचत बसत असतील.

केंडर या क्रिनमधल्या बुटक्या जमातीची तऱ्हा आणखी वेगळी. हॉबिटसारख्या बुटक्या चोरांची जात ट्रेसी हिकमनना नको होती. संपूर्ण जमात चोर, हे त्यांच्या मनाला पटेना. म्हणून केंडर निरागस केले. ते चोरत नाहीत, कुतूहलाने वस्तू उचलतात आणि विसरून खिशात टाकतात. विचार छान. पण या निरागसपणाला बांधणारा एकही नियम नव्हता. त्यामुळे जगभरच्या टेबलांवर एका खेळाडूला साथीदारांच्याच पिशव्या रिकाम्या करायचा परवाना मिळाला, वर 'मी काय करू, माझं पात्रच तसं आहे' हे उत्तर तयार. ज्या सूत्राला नियमाचा खुंटा नाही, ते सर्वांत गोंगाट करणाऱ्या खेळाडूच्या हातात जातं.

आणि कादंबऱ्या. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी लिहिलेली पहिली कादंबरी 1984 च्या अखेरीस आली आणि ती साहसांच्या घटनाक्रमाला बऱ्यापैकी धरून होती. दुसरीपासून त्यांनी ती दोरी सोडली. कादंबऱ्या तुफान खपल्या. तिसरी 1985 मध्ये दुकानांत, आणि शेवटचं साहस डीएल-14 त्यानंतर, 1986 मध्ये. म्हणजे टेबलावर जमलेल्या निम्म्या लोकांना शेवट पाठ. कोणी टॅनिस घेतला की दुसरा सांगणार, "टॅनिस असं करणार नाही." घटनांवर उभं असलेलं सगळं या क्षणी कोसळलं. तलवार दगडात रुतणं मात्र कादंबरी वाचलेल्यालाही तितकंच छळत राहिलं.

स्वतःच्या टेबलासाठी

या प्रकरणातून मी घेतो ते इतकंच: कॅम्पेन आखताना कथानकाचं पान कोरं ठेवायचं आणि आधी ठरवायचं की या जगात काय नाहीसं झालंय. मग तो अभाव खेळाडूच्या हाताला कुठे लागेल ते शोधायचं. समजा सूत्र कर्जाचं आहे. तर सावकारी करणारा खलनायक ही शेवटची पायरी. त्याआधी विश्रांतीचा नियम बदलायचा: दुसऱ्याच्या छपराखाली झोपल्याशिवाय जखम भरत नाही आणि छप्पर देणारा बदल्यात एक शब्द मागतो. पहिल्या सेशनच्या शेवटी पात्रांच्या शीटवर कोणाकोणाचं काय देणं आहे याची यादी तयार होते, आणि ती यादी म्हणजेच पुढची साहसं. मग चाचे आले काय किंवा शापित वाडा आला काय, ते कोणाच्या तरी देण्याशी जोडलेले असतात, कारण खेळाडूच ती जोडणी करतात. पात्रं बनवतानाही 'तुझ्या पात्राची पार्श्वभूमी लिही' असं मोघम न सांगता 'तू कोणाचं काय बुडवलंस?' एवढंच विचारलं, की पाच जणांची पाच उत्तरं एकाच जगातली येतात. आणि एक खूण सुरुवातीच्या किरकोळ शत्रूच्या अंगावर पेरून ठेवायची, जिचा अर्थ फार उशिरा लागेल. ही खूण सांगायची नाही. दाखवत राहायची.

टीएसआर 1997 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि 2022 च्या डिसेंबरात त्यांनी क्रिनच्या त्याच युद्धावर 'शॅडो ऑफ द ड्रॅगन क्वीन' हे नवं कॅम्पेन काढलं. जुने आठ वीर त्यात खेळायला मिळत नाहीत. युद्ध तेच, पण कोपरा दुसरा, कालामानचा प्रदेश. म्हणजे कादंबरीचा शेवट पाठ असलेल्यालाही इथे काय होणार ते माहीत नाही. पात्रं खेळाडूंनी स्वतः बनवायची, पण त्यांना वाऱ्यावर सोडलेलं नाही. सुरुवातीला तीन छोटे प्रसंग आहेत: देवाशी नातं असलेल्या पात्राला साडेतीनशे वर्षांच्या शांततेनंतर पहिल्यांदा देवाची चाहूल लागते, जादूगारांसाठी वेगळा प्रसंग, आणि उरलेल्यांची गाठ ड्रॅकोनियनांशी. त्यानंतर सगळे व्होग्लर गावात इस्पिन नावाच्या एका म्हाताऱ्या मित्राच्या अंत्यविधीला जमतात.

लढायांसाठी सोबत वेगळा बोर्ड गेम काढला आहे, जसा डीएल-11 होता. तो नसला तरी अडत नाही, आणि माझ्या मते नसलेलाच बरा, सेशनचा वेग पार मारतो. ते तीन प्रसंग मात्र वगळू नयेत. अनुभवी गट ते वेळ वाचवायला हमखास वगळतात आणि मग पुजारी झालेल्या खेळाडूला मंत्र मिळण्यात विशेष काय, हेच कळत नाही. ड्रॅकोनियन अजूनही मेल्यावर तसेच छळतात. आणि इस्पिनच्या मित्रांपैकी कोणी लढाईत मेलं, तर ते मेलं. नदीत वाहून न्यायची गरज नाही, कारण पुढच्या कुठल्याच प्रकरणात त्याची जागा राखून ठेवलेली नाही.